रोज प्रार्थना करूनही मनातली अढी जात नाही. याला प्रीती म्हणावे का?

प्रश्न (एक सोलापूरकर)

प्रभूमध्ये सर्वांना सलाम.

आमच्या वडिलोपार्जित घरात खाली माझ्या थोरल्या वहिनी राहतात आणि वर मी, पत्नी व मुले. थोरले बंधू सहा वर्षांपूर्वी वारले. त्यांना अपत्य नव्हते. तेव्हापासून वहिनींचा स्वभाव फार कडवट झाला आहे. कदाचित तो पूर्वीपासूनच तसा असेल आणि बंधूंनी त्याची झळ आमच्यापर्यंत येऊ दिली नसेल.

सोलापुरात नळाला काही दिवसांच्या अंतराने पाणी येते, हे इथे राहणाऱ्यांना सांगायला नको. पाण्याचा दिवस हाच आमच्या घरातला भांडणाचा दिवस. नळ खालच्या अंगणात आहे. वहिनी टाकी, पिंपे, हंडे भरून घेतात, शिवाय अंगणही धुतात, आणि आमची मोटर लागेपर्यंत पाण्याचा जोर गेलेला असतो. काही बोलावे तर, "नवरा गेला म्हणून मला घराबाहेर काढायला निघालात," असे शेजारी ऐकतील अशा आवाजात म्हणतात.

गेले वर्षभर मी रोज रात्री त्यांच्यासाठी प्रार्थना करतो. बायबलमधले मत्तय 5:44 ('आपल्या वैऱ्यांवर प्रीती करा, छळणाऱ्यांसाठी प्रार्थना करा') मला तोंडपाठ आहे. तरीही नळाला पाणी आल्याचा आवाज झाला की माझे अंग तापते, आणि मी वरवर हसून वेळ मारून नेतो. मनात ओलावा नसताना दाखवलेले हे हसू प्रीती आहे की ढोंग? ढोंग असेल तर प्रभुभोजनाला, म्हणजे मंडळीतल्या भाकर-द्राक्षारसाच्या विधीला, हात कसा लावावा?

उत्तर 1 (निवृत्त पाळक)

लूक 6:27-28 मध्ये प्रभूने चार गोष्टी सांगितल्या आहेत: प्रीती करा, बरे करा, आशीर्वाद द्या, प्रार्थना करा. यांतल्या शेवटच्या तिन्ही गोष्टी हातांनी आणि तोंडाने करायच्या आहेत. मनात गोडवा भरून येईपर्यंत थांबा, असे तिथे म्हटलेले नाही. एखादे माणूस आवडणे हे आज्ञेने होत नाही, म्हणून प्रभूने त्याची आज्ञाही दिलेली नाही. मूळ ग्रीक वचनात या आज्ञेसाठी आलेला शब्द 'अगापे' याच कुळातला आहे. त्याचा भर समोरच्याचे भले इच्छिण्यावर आणि तसे वागण्यावर आहे. राग आलेला असतानाही जो दुसऱ्याचे वाईट चिंतत नाही, त्याला मी ढोंगी म्हणणार नाही. मात्र तुम्ही प्रार्थनेत नेमके काय मागता, हे एकदा तपासून पाहा. "प्रभू, त्यांचा स्वभाव बदल," एवढेच मागत असाल तर ती प्रार्थना त्यांच्यासाठी कमी आणि तुमच्या सोयीसाठी अधिक आहे. त्यांची झोप, त्यांची दुखणी, त्यांचे एकटेपण यांची नावे घेऊन मागा.

प्रभुभोजनाविषयी मत्तय 5:23-24 सावकाश वाचावे अशी विनंती आहे. वेदीजवळ अर्पण ठेवून आधी समेट करायला जा, असे तिथे सांगितले आहे. पण ते केव्हा? तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, असे आठवले तर. तुमच्या मनात त्यांच्याविरुद्ध काय आहे, ते तुम्ही सविस्तर लिहिले आहे. त्यांच्या मनात तुमच्याविरुद्ध काय आहे, हे तुम्ही त्यांना कधी विचारले आहे का?

उत्तर 2 (अक्कलकोट रस्ता)

मीही तरुणपणी विधवा झाले आणि सासरच्या घरातच राहिले, म्हणून स्पष्ट लिहिते. आपल्याकडील ख्रिस्ती कुटुंबांना 1925 चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो. मृत्युपत्र नसेल आणि मुले नसतील, तर त्या कायद्याप्रमाणे विधवेला पतीच्या मालमत्तेतला निम्मा हिस्सा मिळतो आणि उरलेला निम्मा पतीच्या नातलगांकडे जातो, म्हणजे भाऊ असेल तर त्याच्याकडेही. घराबाहेर काढले जाण्याची वहिनींची भीती तुम्हाला कांगावा वाटते. मला ती तशी वाटत नाही. बंधूंच्या पश्चात घराच्या मिळकत पत्रिकेवर, म्हणजे मालकीच्या सरकारी नोंदीवर, वहिनींचे नाव लागले आहे का? सहा वर्षांत ते झाले नसेल, तर अंगण धुणारी ही बाई आपल्या पायाखालची जमीन आपलीच आहे, हे जगाला दाखवत असेल.

रूथच्या पुस्तकातली नामी पती आणि मुलगे गमावून बेथलेहेमला परतते तेव्हा गावातल्या बायांना सांगते की मला आता 'मारा' म्हणा, म्हणजे कडू. मी भरलेली गेले आणि रिकामी परत आले. हे ती म्हणते तेव्हा तिची विधवा सून रूथ तिच्या सोबतीने आलेली असते, आणि नामी तिला जमेस धरतच नाही. मला या प्रसंगाने वर्षानुवर्षे धीर दिला आहे. रूथ तिथे वाद घालत नाही. ती शेतात सरवा वेचायला जाते आणि संध्याकाळी जव घेऊन घरी येते.

तरीही पाण्याविषयी गप्प राहू नका. लेवीय 19:17 मध्ये भावाचा मनातल्या मनात द्वेष करण्यास मनाई आहे आणि त्याच वचनात शेजाऱ्याला त्याचा दोष दाखवून देण्यास सांगितले आहे. शेजाऱ्यावर प्रीती करण्याची आज्ञा त्यापुढच्याच वचनात येते. वरवरचे हसू मला खटकते ते यासाठी.

उत्तर 3 (पंढरपूर)

घाई करू नये, एवढेच सुचवतो. कवी नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती धर्म स्वीकारला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्यापासून दुरावल्या आणि काही काळ आमच्या पंढरपुरात राहिल्या. त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला तो 1900 मध्ये. एकमेकांवर जीव असलेल्या माणसांनाही इतकी वर्षे लागली, मग तुमच्या एका वर्षाचा हिशेब कशाला?

प्रश्नकर्त्याचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. वारस नोंद झालेली नाही. ती मी टाळत आलो होतो आणि टाळत आहे हे स्वतःलाही कबूल करत नव्हतो. हे लिहिताना फार लाज वाटते. काल संध्याकाळी खाली जाऊन वहिनींना विचारले, "माझ्यामुळे तुम्हाला काय त्रास होतो?" त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "भावजी, ह्यांच्या मातीनंतर तुम्ही एकदाही खाली येऊन बसला नाहीत." माझ्याकडे उत्तर नव्हते.

सोमवारी त्यांना घेऊन त्या नोंदीसाठी नगर भूमापन कार्यालयात जायचे ठरवले आहे. पाण्याच्या वेळेचे बोलणे अजून झालेले नाही. ते पाणी येण्याच्या आदल्या दिवशी, खाली बसून करीन.