चेर्नोबिल: दोष कर्मचाऱ्यांचा की अणुभट्टीचा?

धागाकर्ता

चेर्नोबिलच्या स्फोटाचा विषय निघाला की 'बेफिकीर कर्मचाऱ्यांनी सुरक्षायंत्रणा बंद ठेवून भलता प्रयोग केला' एवढ्यावर निकाल लावला जातो. मला हे मान्य नाही. २६ एप्रिल १९८६च्या पहाटे चौथ्या अणुभट्टीत जे घडले त्याचे मूळ आरबीएमके या सोव्हिएत बनावटीच्या भट्टीच्या रचनेत होते. चाचणीचा हेतू तर सुरक्षेचाच होता: बाहेरची वीज गेल्यावर डिझेल जनित्रे सुरू होईपर्यंत, गती मंदावत चाललेल्या टर्बाइनच्या विजेवर शीतक पाण्याचे पंप चालतात का, हे तपासायचे होते.

या भट्टीत शृंखला अभिक्रिया चालू राहावी म्हणून न्यूट्रॉन मंद करण्याचे काम ग्राफाइट करते आणि उष्णता वाहून नेण्याचे काम पाणी. पाणी थोडे न्यूट्रॉन शोषूनही घेते. त्याची वाफ झाली की हे शोषण घटते, पण ग्राफाइट जागेवरच असतो. त्यामुळे शृंखला अभिक्रिया वाढते, उष्णता वाढते आणि आणखी वाफ होते. जिथे पाणी हेच मंदक असते, तिथे पाणी हटताच अभिक्रिया मंदावते. हा फरक कागदावर लहान वाटतो, प्रत्यक्षात तो सर्वस्व आहे.

प्रतिसाद १

रचना सदोष होती हे खरे, पण त्याच रचनेच्या भट्ट्या इतरत्रही चालत होत्या. चाचणी ७०० ते १००० मेगावॅट औष्णिक शक्तीवर करायची, असे कार्यक्रमात लिहिलेले होते. कीव्हच्या वीज नियंत्रकांच्या सांगण्यावरून शक्ती उतरवण्याचे काम सुमारे दहा तास लांबले, पुढे शक्ती अचानक ३० मेगावॅटपर्यंत घसरली आणि झेनॉन-१३५ साचू लागला. भट्टीतच तयार होणारा हा वायू न्यूट्रॉन अधाशासारखे गिळतो. अशा वेळी भट्टी बंद करून झेनॉनचा क्षय होईपर्यंत थांबणे, हाच शहाणपणाचा मार्ग होता. त्याऐवजी न्यूट्रॉन शोषणारे नियंत्रक दांडे बाहेर ओढून शक्ती कशीबशी २०० मेगावॅटवर आणली गेली. किमान १५ दांड्यांइतकी नियंत्रणक्षमता आत राखायची असताना ती सुमारे आठवर आली होती. याला चूक नाही तर काय म्हणायचे?

धागाकर्ता

चूक म्हणावेच लागेल. पण किमान दांड्यांचा तो नियम भट्टीच्या सुरक्षेची सीमा आहे, हे त्या कर्मचाऱ्यांना कुणी नीट सांगितलेच नव्हते. शिवाय शेवटचे काही सेकंद पाहा. १ वाजून २३ मिनिटे ४० सेकंदांनी भट्टी तातडीने थांबवण्याचे बटण दाबले गेले. दांड्यांच्या शोषक भागाखाली साडेचार मीटर लांबीचा ग्राफाइटचा भाग होता आणि दांडा पूर्ण वर ओढलेला असताना त्याच्याखाली सव्वा मीटर पाणी उरत असे. दांडे खाली सरकू लागताच या ग्राफाइटने ते पाणी बाजूला सारले, त्यामुळे भट्टीच्या तळाशी अभिक्रिया घटण्याऐवजी वाढली. दांडे पूर्ण आत जायला १८ ते २० सेकंद लागत. तेवढा अवधी मिळालाच नाही. ज्या बटणाने भट्टी विझायची, त्यानेच ती भडकली. हा परिणाम १९८३ साली लिथुआनियातील इग्नालिना येथल्या याच प्रकारच्या भट्टीत दिसला होता, तरी दांडे बदलले गेले नाहीत.

प्रतिसाद २

१९८६ साली व्हिएन्नात सोव्हिएत शिष्टमंडळाने मांडलेल्या वृत्तान्तात मुख्य रोख कर्मचाऱ्यांवर होता. १९९२ साली आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या सल्लागार गटाने सुधारित अहवालात रचनेतील दोषांना पुढे आणले आणि आपत्कालीन शीतकरण बंद ठेवल्याचा स्फोटावर फारसा परिणाम झाला नसावा, असे म्हटले; मात्र कर्मचाऱ्यांना निर्दोष ठरवले नाही. १९८७च्या खटल्यात प्रकल्पाचे संचालक, मुख्य अभियंता आणि उपमुख्य अभियंता यांना प्रत्येकी दहा वर्षांची शिक्षा झाली. भट्टीचा आराखडा करणाऱ्यांपैकी मात्र एकही जण आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहिला नाही.

प्रतिसाद १

शिक्षेच्या वाटणीत अन्याय झाला, हे मी नाकारत नाही. धागाकर्त्यांनी मात्र अपघातानंतरच्या दुरुस्त्याही विचारात घ्याव्यात. दांड्यांची रचना बदलली, ते जलद आत जाऊ लागले, इंधनाचे समृद्धीकरण (विखंडनक्षम युरेनियमचे प्रमाण) २ टक्क्यांवरून २.४ टक्क्यांवर नेले, जादा शोषक बसवले. हे सारे त्यांच्या बाजूचे पुरावे आहेत. पण त्याच वेळी आत राखायच्या दांड्यांची किमान मर्यादाही वाढवण्यात आली. ती पाळायची नियंत्रण कक्षातल्या माणसांनीच, म्हणजे दोष केवळ यंत्राचा आहे असे दुरुस्ती करणाऱ्यांनाही वाटले नव्हते.