फायरबॉल आला आणि बाकीच्यांना कामच उरलं नाही, काय करू?

कोपऱ्यातला_डीएम:
मंडळी मदत हवीय. मी डीएम, म्हणजे खेळ चालवणारा. डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फाशांवरचा भूमिका-खेळ) पाचवी एडिशन, २०१४ चे नियम. पार्टी लेव्हल ५ ला पोचली, विझर्डने फायरबॉल (आगीच्या स्फोटाचा स्पेल, म्हणजे मंत्र) घेतला आणि तेव्हापासून प्रत्येक फाइट पहिल्याच राउंडला आटोपतेय. डॅमेज ८डी६ (सहा बाजूंचे आठ फासे) म्हणजे सरासरी २८, हॉबगॉब्लिन या राक्षसाला हिट पॉइंट (जीव) ११, म्हणजे सेव्ह (बचावाचा फासा) जमला तरी निम्मे १४ बसतात आणि तो मरतोच. फायटर (लढवय्या) आणि रोग (Rogue, चोर) नुसते बघत बसतात, मला खरंच वाईट वाटतं त्यांचं. डॅमेज सरळ ६डी६ करू का?

वीस_बाजू:
कर की. डंजन मास्टर्स गाइडमध्ये नवीन स्पेल बनवायचा तक्ता आहे ना, त्यात तिसऱ्या लेव्हलचा, अनेकांना लागणारा स्पेल ६डी६चाच आहे, फायरबॉल त्यांनी त्यांच्याच मापाच्या वर ठेवलाय. पाथफाइंडर या तशाच दुसऱ्या खेळाच्या सेकंड एडिशनमध्येही फायरबॉल ६डी६. सरासरी २१, सेव्ह झाला तर १०, हॉबगॉब्लिन १ पॉइंटवर उभा राहील आणि रोगला मारायला कोणीतरी उरेल.

नकाशेवाली:
मी नाही करणार असं. विझर्ड चार लेव्हल जीव मुठीत धरून खेळला, आता कुठे हातात काही आलं तर लगेच काढून घ्यायचं?? आधी सांग, गेममधल्या एका दिवसात फाइट किती होतात? लेव्हल ५ ला तिसऱ्या लेव्हलचे स्लॉट (एक स्लॉट म्हणजे एकदा स्पेल टाकायची मुभा) २, आर्केन रिकव्हरीने (विझर्डची वापरलेले स्लॉट परत मिळवायची सोय) अजून १, म्हणजे ३ फायरबॉल, संपलं. पुस्तकात दिवसाला ६ ते ८ एन्काउंटर (चकमकी) धरलेत.

कोपऱ्यातला_डीएम:
एकच होते ताई, सेशन तीन तासांचं असतं, त्यात जेमतेम एक बसते आणि मग लाँग रेस्ट (रात्रभराची विश्रांती, सगळे स्लॉट परत).

नकाशेवाली:
मग दुखणं तिथे आहे, स्पेलमध्ये नाही. सेशन संपलं म्हणून गेममधला दिवस कशाला संपवतोस, स्लॉट लिहून ठेवायचे आणि पुढच्या वेळी तिथूनच सुरू, दोन-तीन सेशनचा एक दिवस होऊ दे. तिसऱ्या फाइटला विझर्ड स्वतःच विचार करायला लागतो की आत्ता टाकू का राखून ठेवू, आणि फायटरची तलवार तर दिवसभर चालते. आणि शत्रू एका घोळक्यात उभे करू नकोस. २० फूट त्रिज्या म्हणजे पटावर ८ चौकोन रुंद, धनुर्धारी दोन टोकांना ठेव, बाकीचे पहिल्याच टर्नला फायटरला भिडव, मग आपल्याच माणसाला भाजल्याशिवाय टाकता येत नाही. अधूनमधून एखादा ओगर आण, ५९ हिट पॉइंट, एका फायरबॉलने पडत नाही.

वीस_बाजू:
भिडवायचं पटलं, पण विझर्ड इव्होकेशन स्कूलचा (मंत्रविद्येची एक शाखा) असेल तर चालणार नाही, त्या शाखेच्या स्कल्प्ट स्पेल्स या क्षमतेमुळे तिसऱ्या लेव्हलच्या स्पेलला आपले ४ जण बिनधास्त वाचतात. कुठल्या स्कूलचा आहे?

कोपऱ्यातला_डीएम:
डिव्हिनेशनचा. मग ६डी६ राहू दे, आधी लाँग रेस्ट लांबवून बघतो, पण प्लेअरना हे आधीच सांगणार, मध्येच नियम बदलल्यासारखं वाटायला नको.