१ मे: रिकी, रायन की ती २६ इनिंगची बरोबरी?

चौथा_बेस: आपल्याकडे १ मे म्हणजे झेंडावंदन आणि सुट्टी. बेसबॉलवाल्यांची मात्र या तारखेला पंचाईत, आठवायचं तरी काय काय? १९९१ साली याच दिवशी दुपारी ओकलंडमध्ये रिकी हेंडरसनने कारकिर्दीतला ९३९वा बेस चोरला आणि लू ब्रॉकचा विक्रम मोडला. (नवख्यांसाठी: धावणाऱ्याने गाठायचे चार टप्पे म्हणजे बेस. पिचर, म्हणजे त्यांचा बोलर, चेंडू टाकायच्या बेतात असताना सुसाट सुटायचं आणि पुढचा बेस गाठायचा. सापडलात की बाद.) त्याच रात्री टेक्सासमध्ये ४४ वर्षांच्या नोलन रायनने टोरांटोला अख्ख्या मॅचमध्ये एकही हिट (फटका मारून सुखरूप बेस गाठणं) दिली नाही. त्याचा सातवा नो-हिटर! झालं, रिकीची बातमी संध्याकाळपर्यंतच टिकली. माझ्या मते हा अन्याय होता.

अण्णा_डावरे: अन्याय कसला? सात नो-हिटर! खालोखाल सँडी कूफॅक्स, त्याचे चार. त्या रात्री रायनचे १६ स्ट्राइकआउट (पिचरने एकट्याने बाद केलेले बॅटर), शेवटचा रॉबर्टो अलोमार. १९७३ला रायनने पहिला नो-हिटर टाकला तेव्हा त्याच्या संघात सेकंड बेसवर फील्डिंगला याच रॉबर्टोचा बाप होता! आणि तुमचा रिकी? बेस उपटून डोक्यावर धरला आणि माइकवर म्हणाला, ‘आज मी सर्वकाळचा श्रेष्ठ आहे.’ तेही ब्रॉक मैदानात हजर असताना. आपली लाल करायची म्हणजे किती!

मीठभाकर: अण्णा, अर्धंच सांगताय. त्याआधी त्याने ब्रॉकचं कौतुक केलं होतं. आणि खोटं काय बोलला? ब्रॉक ९३८ चोऱ्यांसाठी ३०७ वेळा सापडला, रिकी १४०६ चोऱ्यांसाठी ३३५ वेळा. त्या दिवशीही पहिल्या इनिंगमध्ये सेकंड बेसवर सापडलाच होता. तरी चौथ्या इनिंगमध्ये पुन्हा पळाला, थर्ड बेसकडे. याला छाती लागते.

रात्रपाळी: तुमचे दोन्ही विक्रमवीर ठेवा बाजूला. १ मे १९२०, बोस्टन. ब्रुकलिनची पाचव्या इनिंगमध्ये एक धाव, बोस्टनची सहाव्यात एक. त्यानंतर वीस इनिंग भोपळा! शेवटी अंधार पडला म्हणून २६ इनिंगनंतर १-१वर खेळ थांबवला. ब्रुकलिनचा लिऑन कॅडोर आणि बोस्टनचा जो ओश्गर, दोघांनीही सगळ्या २६ इनिंग टाकल्या. नेहमीची मॅच नऊची असते हो! आणि हे सगळं चार तासांच्या आत. आता पिचरला सहा इनिंग झाल्या की शाबासकी देऊन बसवतात.

अण्णा_डावरे: निकालच नाही लागला, त्याचा कसला सोहळा?

रात्रपाळी: पाच दिवस खेळून ड्रॉ झालेली कसोटी तुम्हीच डोक्यावर घेता ना?

चौथा_बेस: कॅडोर-ओश्गरपुढे मी गप्प. पण अण्णा, एक सांगा. रायन त्या रात्री हरला असता तरी सहा नो-हिटरवर पहिलाच होता. त्याने मोडला तो स्वतःचाच विक्रम. रिकी थर्डवर सापडला असता तर त्या क्षणी ब्रॉकच्या बरोबरीतच अडकला असता. मग खरी जोखीम कुणाची?

अण्णा_डावरे: मुद्दा बिनतोड आहे, मान्य. तरी ४४व्या वर्षी, राव! गेल्या रविवारी सोसायटीच्या टेनिस-बॉल मॅचमध्ये दुसऱ्याच ओव्हरला माझी पाठ धरली. मी ४१चा आहे.