बफर काढून घर ठरवणाऱ्यांना काही प्रश्न

सहकारनगरकर
'पुण्यात फ्लॅट घेताय? एजंट सोडा, क्यूजीआयएस शिका' ही पोस्ट सध्या प्रत्येक ग्रुपवर फिरतेय. (क्यूजीआयएस म्हणजे नकाशांवर काम करायचं मोफत सॉफ्टवेअर.) लेखकाने हिंजवडीतलं ऑफिस, शाळा, मेट्रो स्टेशन आणि हॉस्पिटल यांच्याभोवती पाच-पाच किलोमीटरची वर्तुळं, म्हणजे बफर, काढली, प्रत्येकाला गुण दिले आणि जिथे सगळी वर्तुळं एकमेकांवर आली तो हिरवा तुकडा 'शास्त्रीय निवड' म्हणून जाहीर केला. खाली लोक फाइल मागतायत. आयुष्यभराचं कर्ज काढणाऱ्यांना असं सांगणं मला बेजबाबदारपणाचं वाटतं, म्हणून सविस्तर लिहितोय.

पाषाण आणि कोथरूड नकाशावर खेटून आहेत. मधे वेताळ टेकडी आहे. चांदणी चौकातून नाहीतर सेनापती बापट रस्त्याने वळसा घालावाच लागतो, आणि बफरला टेकडी दिसत नाही. शहराच्या विकास आराखड्यातले नुसते प्रस्तावित रस्तेही पोस्टच्या लेखकाने जोडून घेतलेत. एचसीएमटीआर हा शहरातला वर्तुळाकार रस्ता १९८७च्या आराखड्यात होता, आजतागायत झालेला नाही. भूसंपादन झालंय की नाही हे त्या रेघेवरून कळतं का?

शिवाय गुण कोणी ठरवले? शाळेला तीस आणि आईवडिलांच्या घराला शून्य! आधी मनात जागा ठरवायची आणि मग आकडे तसे बसवायचे, हे कोणालाही जमतं.

जीआयएसवाला
असहमत. सरळ रेषेचा बफर ही नवशिक्याची चूक आहे, सॉफ्टवेअरची नाही. ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावरचे रस्ते घेऊन प्रवासाच्या वेळेचं क्षेत्र काढता येतं, त्यात टेकडी आपोआप येते. राहिला प्रश्न गुणांचा. एजंट 'इथे दोन वर्षांत भाव दुप्पट' म्हणतो तेव्हा त्याचे गुण कोण तपासतं? इथे निदान ते समोर मांडलेले आहेत, पटले नाहीत तर बदला.

सहकारनगरकर
रस्ते मोकळे असतील तरच ती वेळ खरी. संध्याकाळी सहाला वाकडच्या पुलाखाली उभे राहा आणि मग सांगा.

आणि पाण्याचं काय? २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री आंबिल ओढा आमच्या गल्लीतून वाहिला. पार्किंगमधल्या गाड्या एकमेकींवर चढल्या, तळमजल्यावरच्या आजींना आम्ही खुर्चीत बसवून वर नेलं. नकाशात तो ओढा म्हणजे एक बारीक निळी रेघ आहे.

सिंहगडरोड
+१. २५ जुलै २०२४ला खडकवासल्यातून विसर्ग वाढवला आणि एकतानगरीत पाणी शिरलं. नदीकाठच्या पूररेषा दोन: निळी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. फ्लॅट दाखवताना ही दोन नावं तरी कोणी उच्चारतं का?

जीआयएसवाला
अहो, तुम्ही दोघं माझीच बाजू मांडताय! एसआरटीएम म्हणजे अवकाशयानातून रडारने मोजलेली जमिनीची उंची. ती फेब्रुवारी २००० मधली आहे, म्हणजे त्यानंतर टाकलेला भराव त्यात नाही. उंचीत काही मीटरची चूक असते हे मान्य, पण पाण्याचा मूळ उतार कुठे होता याचा अंदाज येतो. गूगल अर्थवर जुन्या तारखांची छायाचित्रं बघता येतात. माझ्या मामेभावाने टोकन दिलेल्या इमारतीच्या पार्किंगच्या जागी जुन्या छायाचित्रात चक्क ओढा होता. टोकन बुडालं, पण घर घेतलं नाही.

वाघोलीकर
ओढ्याचं पाणी दिसतं, नळाचं दिसतं का? २०२१ला आमचं गाव महापालिकेत आलं. बिल्डरने पाण्याचं हमीपत्र दिलं होतं, सोसायटी ताब्यात आल्यावर तो हात वर करून मोकळा. आता मेंटेनन्समधला सर्वांत मोठा खर्च टँकर. मे महिन्यात रात्री दोनला टँकर येतो आणि त्याच्या आवाजाने बाळ उठतं. मेट्रोपासूनचं अंतर मोजत बसलेल्यांनी आधी याचं उत्तर द्यावं.

शनिवारपेठ
स्वस्त बघून लांब गेलात तर पाणी तोकडंच मिळणार. आमच्याकडे रोज नळाला येतं.

वाघोलीकर
स्वस्त?? दोघांचे पगार हप्त्यात जातात. पेठेत घर परवडलं असतं तर लांब गेलो असतो का? वडिलोपार्जित घरात बसून आम्हाला शहाणपण शिकवू नका.

शनिवारपेठ
वडिलोपार्जित नाही. भाड्याच्या दीड खोलीत संसार झाला माझा, पुनर्विकासाची वाट बघत सासरे गेले. उगाच तोंडाला येईल ते बोलू नका.

बाणेरवासी
लांब-जवळ असं काही नाही. बाणेर-बालेवाडीतही कित्येक वर्षं टँकर आहेत, आणि ते स्वस्त खचितच नाही. पाहायला गेलात की वॉचमनला विचारा: टँकर दिवसाला किती, उन्हाळ्यात किती? तो खरं सांगतो, कमिटी सांगत नाही.

उंड्री
आमच्याकडे २०१७ला गाव महापालिकेत गेलं. टँकर अजून चालूच. जलवाहिनीचं काम सुरू आहे असं दर उन्हाळ्यात ऐकतो.

सहकारनगरकर
चर्चा टँकरवर गेली ते बरंच झालं, कारण माझा मुद्दा हाच आहे. जीआयएसवाले, तुमचं एवढंच मान्य करतो की ओढ्यातली घरं वगळायला नकाशा उपयोगी आहे. पण वगळणं वेगळं आणि निवडणं वेगळं. ज्या कारणांनी लोक दहा वर्षं पस्तावतात त्यांची माहिती नकाशावर टाकलेला थर कोणाकडेच नाही, आणि ती पोस्ट हे सांगत नाही.

जीआयएसवाला
नसेल तर बनवूया. वाघोली, बाणेर, उंड्री, तिघांनी आपापल्या सोसायटीची महिन्याची टँकरची बिलं द्या. आजच नकाशावर टाकतो, सगळ्यांना खुला.

बाणेरवासी
कमिटी बिलं बाहेर देऊ देणार नाही. मागे एकाने ग्रुपवर नुसता आकडा टाकला तर 'आमचे रीसेलचे भाव पाडता' म्हणून त्याला नोटीस काढली.

वाघोलीकर
मी देतो आकडे, लपवण्यासारखं काही नाही. फक्त सोसायटीचं नाव टाकू नका, आम्हाला दिवाळीनंतर फ्लॅट विकायचाय.

जीआयएसवाला
नाव आणि जागा नसेल तर बिंदू कुठे टाकू?