दोन डॉलरच्या नोटांची टिप

प्रश्न: न्यू जर्सीतील एका उपाहारगृहात मी वीस टक्के टिप दोन डॉलरच्या कोऱ्या नोटांत ठेवली, तेव्हा वाढणाऱ्या मुलीने त्या उलटसुलट करून पाहिल्या आणि त्या खऱ्या आहेत का, असे विचारले. अशी टिप अशिष्ट ठरते का?

उत्तर १: मुळीच नाही. अमेरिकेचे तिसरे राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांचे चित्र असलेल्या या नोटेची छपाई १९६६ मध्ये थांबली होती. परंतु १९७६ मध्ये, स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीनिमित्त, ती नव्या रूपात परतली आणि आजही कायदेशीर चलन आहे. फक्त ती क्वचितच हातात येते, म्हणून लोक बिचकतात.

उत्तर २: नोटेपेक्षा रक्कम महत्त्वाची, कारण टिप मिळणाऱ्या कामगारांना मालकाने द्यायचे संघीय किमान रोख वेतन १९९१ पासून ताशी अवघे २.१३ डॉलर आहे आणि, टिप मिळणाऱ्यांनाही पूर्ण किमान वेतन द्यावे लागणारी कॅलिफोर्नियासारखी राज्ये सोडल्यास, त्यांची बरीचशी कमाई टिपेवरच अवलंबून असते. बडीशेपेच्या बशीत सुटे पैसे ठेवण्याची आपली सवय तिथे कंजूषपणाच वाटेल.

उत्तर ३: आठवण म्हणून रुपयांची नाणी मात्र देऊ नयेत; तिथे ती खर्च करता येत नाहीत.