मदत हवी आहे: ऊन आहे, सोलर पॅनेल आहे, पण मोबाइल चार्ज होत नाही

पायवाट:
वैताग आलाय. कॅम्पिंगसाठी घडीचं सोलर पॅनेल घेतलं. मोबाइल जोडला की चार्जिंगची खूण येते, तासाभराने बघावं तर टक्के होते तिथेच. एकदा तर चक्क कमी झाले. केबल बदलून झाली. शनिवारी निघतोय, पुढे आठवडाभर विजेचं नाव नाही. पॅनेल बिघडलंय का एवढंच सांगा, परत करायची मुदत संपत आलीय. 'आधी शोधून बघा'वाले प्रतिसाद नकोत, शोधून झालंय.

ओहमचा_नियम:
पॅनेल किती वॅटचं? मोबाइल थेट पॅनेलला लावता की मधे पॉवर बँक? मोबाइलची बॅटरी केवढी? ढग होते का? बिघडलंय का हे सांगायला आम्ही काय पॅनेलसमोर बसलोय?

एकटा_जीव:
सोलरचा नाद सोडा हो. २०,००० एमएएचच्या दोन पॉवर बँका घरूनच भरून न्या. एकीत ७४ वॅट-तास वीज मावते, ५००० एमएएचचा मोबाइल म्हणजे साधारण १९. मधली गळती धरली तरी एकीतून अडीच वेळा तरी भरतो. दोघींतून पाच. ऊन असो नसो.

पायवाट:
२८ वॅट. मोबाइल थेट पॅनेलला. ऊन म्हणजे ऊन, त्यात प्रकार असतात का? नुसत्या पॉवर बँकांवर भागणार नाही, कॅमेरा आणि हेडलॅम्पपण आहे. पॅनेल घेऊन झालंय, 'घेऊ नका' सांगून आता काय उपयोग?

ओहमचा_नियम:
आता कसं! तो २८चा आकडा प्रयोगशाळेतला असतो: चौरस मीटरला १००० वॅट प्रकाश आणि सेलचं तापमान २५ अंश. खऱ्या उन्हात सेल ५०-६० अंशांपर्यंत तापतात आणि २५च्या वरच्या प्रत्येक अंशामागे ०.३ ते ०.४ टक्के वीज कमी होते. कडक उन्हातसुद्धा १६ ते २० वॅट मिळाले तर खूश व्हा. शिवाय यूएसबीच्या एका पोर्टमधून बहुधा ५ व्होल्ट, २.४ अँपियर, म्हणजे १२ वॅटच निघतात. घरच्या फास्ट चार्जरशी तुलना करू नका. तरीही टक्के अजिबात न हलणं काही बरोबर नाही. यूएसबी मीटर (केबलमधलं व्होल्टेज आणि करंट दाखवणारा) आहे का?

रातकिडा:
माझ्या मते पॅनेल ठणठणीत आहे. ढग आला की पॅनेलचं व्होल्टेज पडतं, मोबाइलला वाटतं चार्जर अशक्त आहे, आणि तो कमी करंट घ्यायला लागतो. ढग सरला तरी तो तिथेच अडकतो. पिन काढून परत लावल्याशिवाय वर येत नाही. काही पॅनेलांत हे आपोआप करायची सोय असते, सगळ्यांत नाही. आणि समजा तो ०.४ अँपियरवर अडकला, तर ते फक्त २ वॅट. स्क्रीन चालू ठेवून सारखं बघत बसलात आणि मोबाइल नेटवर्क शोधत असला तर तेवढे तोच खातो. म्हणून टक्के कमी.

अनुभवी_काका:
सिलिकॉनचा पहिला कामाचा सोलर सेल बेल लॅब्सने १९५४ साली दाखवला, कार्यक्षमता जेमतेम ६ टक्के. आज २०च्या पुढे गेलो तरी मंडळींची रड तीच. माझं ऐका, काचेचं मोठं पॅनेल घ्या, चार्ज कंट्रोलर (बॅटरीत जाणारी वीज आवरणारा) लावा आणि १२ व्होल्टची सीलबंद लेड-अ‍ॅसिड बॅटरी. वर्षानुवर्षं वापरतोय, कधी दगा नाही.

एकटा_जीव:
काका, ती बॅटरी पाठीवर कोण वाहणार?

अनुभवी_काका:
गाडीने जाणार की पायी, हे धाग्यात कुठे लिहिलंय?

पायवाट:
पायीच! सदस्यनाम पायवाट आहे माझं.

हवाई_भटका:
विमानात नेणार असाल तर लक्षात ठेवा: पॉवर बँक केबिन बॅगेतच हवी, चेक-इनला देता येत नाही. १०० वॅट-तासांपर्यंत सहसा अडवत नाहीत, त्यापुढे एअरलाइनची परवानगी लागते. नुसत्या पॅनेलमध्ये बॅटरी नसल्याने हा प्रश्न येत नाही.

पायवाट:
विमानाचं कुणी विचारलं??

झटपट:
एवढी कटकट कशाला? पाठीवरच सोलर असलेली पॉवर बँक मिळते ती घ्या. सॅकला अडकवायची आणि चालायचं, आपोआप भरते.

ओहमचा_नियम:
ती पट्टी तळहाताएवढी, एक-दीड वॅटची. ७४ वॅट-तास भरायला पन्नासहून जास्त तास कडक ऊन लागेल, तेही पट्टी सूर्याकडे तोंड करून असेल तर. चालताना ती कधी झाडाच्या सावलीत, कधी तुमच्याच. वर लिथियम बॅटरी उन्हात भाजत ठेवायची. यात सोय कुठली?

झटपट:
माझी भरते. तुम्ही वापरलीय का?

रातकिडा:
आधी घरून पूर्ण भरून नेत असाल तर भरलेलीच दिसणार. असो. @पायवाट, एक राहिलं: पॅनेल नेमकं कुठे आणि कसं ठेवलं होतंत?

पायवाट:
गॅलरीत. सरकत्या काचेच्या आत, बाहेर धूळ फार. काच स्वच्छ आहे. मोबाइल पॅनेलच्या कोपऱ्यावर ठेवला होता, केबल आखूड आहे.

ओहमचा_नियम:
🤦 हे आधीच कळलं असतं तर! काच तिरप्या उन्हाचा बराच भाग परतवते, रंगीत किंवा लेप दिलेली असेल तर आणखी खाते. बाहेर ग्रिल आहे का? सेल एकामागोमाग जोडलेले असतात, त्यामुळे एका सेलवर सावली पडली तरी त्या ओळीतल्या सगळ्यांचा करंट अडतो. कोपऱ्यावर मोबाइल ठेवलात म्हणजे ते कामही झालं. आणि मोबाइल उन्हात तापला की स्वतःच चार्जिंग कमी करतो नाहीतर बंद. बाहेर ठेवा, सूर्याकडे तोंड करा, मोबाइल पॅनेलच्या मागच्या सावलीत. कोन साधायला काटकी पॅनेलवर काटकोनात धरा, तिची सावली नाहीशी झाली की कोन बरोबर.

अनुभवी_काका:
केबल आखूड आहे तेच उत्तम. लांब आणि बारीक केबलमध्ये व्होल्टेज पडतं, पाच व्होल्टांतला अर्धा व्होल्ट गेला तरी मोबाइल रुसतो. लांब करायचीच तर जाड तारेची.

पायवाट:
गच्चीवर ठेवून बघितलं, मित्राचा मीटर लावून. ५.१ व्होल्ट, १.९ अँपियर. मधे ढग आला, ०.४ वर गेलं आणि ऊन परत आल्यावरही ०.४च. पिन काढून लावली तर पुन्हा १.९. म्हणजे पॅनेल ठेवतो. पण दिवसभर पिन काढत-लावत बसू का?

रातकिडा:
म्हणूनच मधे पॉवर बँक. १०,०००ची पुरे, ३७ वॅट-तास. तिलाही ढगांचा त्रास होतो, पण बहुतेकींचं चार्जिंग ऊन आलं की आपोआप परत चढतं. तुमची चढते का ते निघण्याआधी याच मीटरवर बघून घ्या. दिवसा पॅनेलवरून ती भरायची, रात्री तंबूत तिच्यावरून मोबाइल. चार तास बरं ऊन मिळालं तर ती जवळपास भरते. कॅमेऱ्यासाठी यूएसबीवर चालणारा चार्जर घ्या, भिंतीतल्या सॉकेटचा तिथे निरुपयोगी. मोबाइल फ्लाइट मोडवर. सॅकवर पॅनेल बांधून चालण्याची हौस एक दिवस करून बघा, मग मुक्कामावरच पसराल.

एकटा_जीव:
म्हणजे शेवटी पॉवर बँकच! मी दुसऱ्याच प्रतिसादात सांगितलं होतं.

रातकिडा:
तुम्ही पॅनेल टाकून द्यायला सांगितलं होतं. आठवड्याच्या ट्रेकला नुसत्या दोन बँका म्हणजे संपल्या की संपल्या.

एकटा_जीव:
आणि सलग तीन दिवस ढगाळ असेल तर पॅनेलने काय वारा घालायचा?

गिर्यारोही_नवा:
वाचनखूण साठवली. अवांतर: माझं जीपीएस घड्याळ पॉवर बँकेवर लावलं की थोड्या वेळाने बँकच बंद पडते. का?

ओहमचा_नियम:
घड्याळ फार कमी करंट घेतं. बँकेला वाटतं काही जोडलेलंच नाही, म्हणून ती झोपते. काही बँकांवर बटण दोनदा दाबलं की कमी करंटचा मोड चालू होतो. तुमच्यावर नसेल तर दुसऱ्या पोर्टला त्याच वेळी हेडलॅम्प लावा, म्हणजे जागी राहील.

पायवाट:
पॉवर बँक आहे घरात एक, जुनी. तिच्यावर 'इनपुट १ अँपियर' लिहिलंय. चालेल ना?

रातकिडा:
चालेल, पण १.९ येत असताना ती ५ वॅटच घेणार, म्हणजे भरायला दुप्पट वेळ. २ अँपियर इनपुटवाली कुणाकडून तरी उसनी मिळते का बघा.