फडक्यापेक्षा वजन करा

घरच्या गॅसच्या टाकीत किती गॅस उरलाय हे कसं ओळखायचं, असा प्रश्न आहे. टाकीवर ओलं फडकं फिरवून ओल्या-सुक्याची रेघ कुठे येते ते बघायचं, हा उपाय काहींनी सांगितलाय तो बरोबर आहे, पण सोलापूरच्या उन्हाळ्यात तो दुपारी करू नका. एप्रिल-मेमध्ये फडकं फिरवून हात बाजूला घेईपर्यंत सगळी टाकी कोरडी होते, रेघ दिसणार कुठून? पहाटे करून बघा. वरचा रिकामा भाग आधी सुकतो, खाली द्रव गॅस असतो तिथला ओलावा जरा जास्त टिकतो. रेग्युलेटरला दाबाचं मीटर लावा असं एकांनी लिहिलंय, ते मात्र पटलं नाही. आत थोडा जरी द्रव गॅस शिल्लक असला तरी दाब तापमानाप्रमाणेच राहतो, त्यामुळे काटा जवळजवळ शेवटपर्यंत तस्साच. गळती कळायला मीटर ठीक, शिल्लक कळायला नाही.

वजनाचं कुणीच लिहिलं नाही म्हणून सांगते. टाकीच्या वरच्या कड्याला धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांपैकी एकीवर रिकाम्या टाकीचं वजन असतं, प्रत्येक टाकीचं वेगळं. आमच्या आत्ताच्या टाकीवर १५.६ आहे. शेगडी बंद करून, रेग्युलेटर काढून टाकी साध्या वजनकाट्यावर ठेवायची, १९.१ भरली तर आत साडेतीन किलो गॅस. भरलेल्या टाकीत १४.२ किलो असतो, म्हणजे पाव टाकी उरली. आमच्याकडे कडक भाकऱ्या करायच्या असल्या की मंद आचेवर शेगडी तासन्‌तास चालते, तेव्हा आदल्या दिवशी हे बघतेच. नवी टाकी आली की आणणाऱ्याकडूनही दारातच वजन करून घ्या, तो आपला हक्क आहे.